अतिशयोक्तीचे उदाहरण

७ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

वर काय लिहावे इथेच चार कागद फुकट गेले. चौतीस वर्षे मुलांना पत्रलेखन शिकवले. वडिलांना तीर्थरूप, मित्राला प्रिय, लहानांना चिरंजीव आणि अर्ज असेल तर महोदय. एकोणतीस वर्षे ज्याच्याशी बोलणे नाही त्या भावाला काय लिहायचे, हे कुठल्या पुस्तकात नव्हते आणि कुणा मुलाने कधी विचारलेही नाही. शेवटी आई हाक मारायची तीच लिहिली. चालवून घे.

काम तसे किरकोळ आहे. मागच्या अंगणात भिंतीवर एक वेल आहे. तू घर सोडल्यावर लावला, त्यामुळे तू पाहिलेला नाहीस. त्याच्या पानाखाली परवा सकाळी एक किडा सापडला. सापडला म्हणजे दिसला; सापडायला त्याने तीन दिवस घेतले. अंगाने तिळाएवढा, फिकट हिरवा, डोके बोथट, डोळे तांबूस, आणि मागे पांढऱ्या तंतूंचा झुपका, वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीचा एखादा धागा शेपटीला चिकटून राहावा तसा. बोट जवळ नेले की हा चालत नाही, पळत नाही, नुसता नाहीसा होतो. पाहावे तर हातभर अंतरावरच्या पानावर, जसा काही जन्मापासून तिथेच बसलेला.

तिसऱ्या दिवशी त्याच्यावर चष्म्याचे घर पालथे घातले आणि मग डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत त्याला उतरवले. तुझी वहिनी दारातून पाहत होती. म्हणाली, "अहो, ती बाटली वेगळी ठेवा हं. नाहीतर उद्या तोच घालाल डोळ्यात."

मी दिवसभर बाटली खिडकीत ठेवून बसलो. वयाची ऐंशी झाली, आता दुसरे करायचे काय? लहानपणीच्या पुस्तकातल्या कविता आठवत बसतो. त्यात फुलपाखरे होती, काजवे होते, भुंगे तर पानोपानी होते. या बिचाऱ्यावर मात्र कुणी एक ओळ खर्च केलेली आठवत नाही. नावच माहीत नसेल तर कवी तरी काय करणार?

म्हणून तुला विचारतो. हा कोण असावा? तुला या गोष्टी कळतात. निदान कळायच्या. शाळेत असताना तूही असाच एक

असो. वाक्य अर्धे राहिले, पण कागद पाचवा आहे, आता फाडत नाही.

उत्तर पाठवलेस तर बरे वाटेल.

दादा


१९ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

बारा दिवस झाले. टपालवाला रोज फाटकाशी येतो आणि मला पाहून नुसती मान हलवतो. काल तर तो लांबूनच हात हलवून गेला.

तुझ्या वहिनीने काल विचारलेच. "भावजींना काय लिहिलंत?"

"किड्याबद्दल विचारलं."

"किड्याबद्दल." तिने हातातला कपडा दोरीवर नीट पसरला, चिमटे लावले, मग माझ्याकडे वळली. "एकोणतीस वर्षांनी पत्र लिहिलंत, ते किड्याबद्दल. चुकलो म्हणायला दोन शब्द पुरतात हो. आणि तुम्ही तर भाषेचे मास्तर."

मी म्हटले, "शब्द दोनच असले तरी वाक्याला कर्ता लागतो."

"मग घाला की कर्ता. कोण अडवतंय?"

तिच्यापुढे माझे व्याकरण कधीच चालले नाही.

तर घालतो. मी केले. तुला सगळे ठाऊक आहे, पण मला ते एकदा माझ्या अक्षरात लिहून काढू दे.

नोकरीचे पहिले वर्ष होते. मी चोवीस वर्षांचा, तू बारा वर्षांचा, सातवीत, माझ्याच वर्गात. बाबा जाऊन वर्ष झाले होते. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे टेबल अजून खिडकीपाशी होते आणि डोळ्यात अडकवायचे त्यांचे भिंग तू खिशात घेऊन हिंडायचास. शाळेत जाताना आपण बरोबर निघायचो आणि फाटकाशी आलो की तू दोन पावले मागे व्हायचास. फाटकाच्या आत मी दादा नव्हतो, सर होतो. हा नियम मी केला नव्हता. तूच आपणहून पाळत होतास.

मी निबंध दिला होता, 'मी पाहिलेली एक गोष्ट'. चाळीस मुलांनी सूर्योदय पाहिला होता. तू एकट्याने किडा पाहिला होतास. उडी मारणारा, तिळाएवढा, मागे पांढरा झुपका असलेला. तू लिहिले होतेस की त्याच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी घड्याळात असतात तशी दातेरी चाके आहेत, ती एकमेकांत अडकतात, म्हणून त्याचे दोन्ही पाय एकाच क्षणी सुटतात आणि उडी तिरकी जात नाही.

त्या दिवशी मला अतिशयोक्ती अलंकार शिकवायचा होता. असेल त्यापेक्षा फुगवून सांगणे म्हणजे अतिशयोक्ती. पुस्तकातले उदाहरण रुक्ष होते. तुझी वही टेबलावर होती. मी खडू उचलला आणि फळ्याशी पोचेपर्यंत यमक जुळले होते. तेव्हा माझे असेच व्हायचे, यमके आपोआप यायची.

किड्यास बसली चाके दोन,
किल्ली त्यांना देतो कोण?

वर्ग हसला. अगदी मागच्या बाकापर्यंत हसला. मी आणखी म्हणालो, "घड्याळजीच्या पोराला काय, जिकडे पाहावं तिकडे चाकंच दिसायची." म्हणजे गेलेल्या बाबांनाही मी त्यात ओढले.

तू उभा राहिलास. तुझ्या आवाजात रडे नव्हते, हे मला नीट आठवते. "सर, खरं आहे. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली लावून ठेवलंय. चला, दाखवतो."

"बस खाली," मी म्हणालो.

दुपारच्या सुट्टीत अख्खे मैदान म्हणत होते, "किल्ली त्यांना देतो कोण?" संध्याकाळपर्यंत तुझे नाव किल्ली पडले. वाण्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, तू कारखान्यात लागलास तिथेही. तुझ्या लग्नात कुणीतरी ते म्हटले, तेव्हा तू हसलास. मी मनाशी म्हणालो, विसरला वाटते.

आणि मग एकोणतीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ. तुझी मुलगी टिटवी सातवीत, माझ्याच वर्गात. आपण सगळे जेवायला बसलो होतो. तू विचारलेस, "आज काय शिकवलं काकांनी?" तिने ताटावरून मान वर करून दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या, चालीवर, आणि स्वतःच हसली. म्हणाली, "बाबा, असा कोण वेडा असेल हो, किड्याला चाकं असतात म्हणणारा?"

तू हातातला घास ताटात ठेवलास. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाहीस. महिन्याभरात घर सोडून लांबच्या गावी गेलास.

सत्तावीस वर्षे मी ते उदाहरण दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. मुलांना आवडायचे, लक्षात राहायचे, परीक्षेत हमखास गुण मिळायचे. त्या संध्याकाळनंतर मात्र मी ते कायमचे बंद केले. एवढे तरी माझ्या बाजूने मांड.

दादा


४ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

उत्तर नाही. तरी लिहितो, कारण आज काहीतरी घडले आहे.

इथे पिकांवरची कीड तपासून देणारे एक सरकारी कार्यालय आहे. मी बाटली घेऊन गेलो; किडा आत केव्हाच मरून पडला होता. बाकावर आणखी सहा जण होते, कुणाच्या मांडीवर करपलेली पाने, कुणाच्या पिशवीत पोखरलेली फळे. शेजारच्याने विचारले, "तुमचं काय गेलं?" मी बाटली दाखवली. त्याने ती उजेडात धरली, हलवली आणि परत दिली. "एवढ्याशासाठी आलात? अहो, असले आमच्याकडे टोपलीभर आहेत. न्या हवे तेवढे."

आत टेबलाशी एक बाई होत्या, टिटवीच्याच वयाच्या असतील. समोर पानांचा ढीग. मान वर न करता म्हणाल्या, "पीक कोणतं, आजोबा?"

"पीक नाही. भिंतीवरचा वेल."

"किती पानं गेली?"

"एकही नाही."

"मग फवारायचं कशाला?"

"फवारायचं नाही. नाव हवंय."

आता त्यांनी मान वर केली. मला वाटले, हाकलतील. पण त्यांनी बाटली घेतली, चिमट्याने किड्याला काचपट्टीवर घेतले आणि भिंगाच्या नळीत डोळा लावला. "तुडतुड्यांपैकी आहे. पण हे पिल्लू आहे अजून, पंख फुटले नाहीत. पिल्लावरून घराणं सांगता येतं, नाव नाही. नाव हवं तर मोठा झालेला आणा."

मी म्हणालो, "बाई, याच्या पायांना काही असतं का?"

"काही म्हणजे?"

मला शब्द उच्चारता येईना. छप्पन्न वर्षे जो शब्द हसायला वापरला, तो खरेपणाने कसा म्हणायचा? मी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून दाखवली.

त्या हसल्या. चांगल्या मनाने हसल्या. "तुम्हाला कसं माहीत? बऱ्याच जणांना माहीत नसतं." त्यांनी किड्याला सुईच्या टोकाने उताणे केले, भिंगाची चकती फिरवली आणि खुर्ची मागे ओढली. "या, बघा. मागच्या पायांच्या अगदी मुळाशी."

आहेत, धाकट्या. दोन कमानी, एकमेकींना भिडलेल्या, दोघींना दाते. एकीचा दाता दुसरीच्या खाचेत. बाबांच्या टेबलावर उघड्या घड्याळात जसे दिसायचे, अगदी तसे.

बाई सांगत होत्या. दोन पाय निमिषभरही मागेपुढे सुटले तर हे पिल्लू गिरकी खात जाईल, म्हणून निसर्गाने त्यांना एकमेकांत गुंतवले. आणि हे फक्त पिल्लांना. शेवटची कात टाकून तो मोठा झाला की चाके जातात, मोठ्याचे पाय गुळगुळीत. "मोठ्यांना लागत नाहीत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी बाहेर पायरीवर बराच वेळ बसलो होतो. पाने करपलेला तो माणूस बाहेर आला, त्याने माझ्याकडे पाहिले आणि पाण्याची बाटली पुढे केली. 

तू बरोबर होतास. मला हे आज कळले. शिकलेला माणूस म्हणवत होतो आणि बारा वर्षांच्या पोराला जे दिसले ते मला माहीत नव्हते. अज्ञानाने माणूस किती मोठे पाप करतो. माझे अज्ञान पदरात घे, आणि एकदा बोल माझ्याशी. ये म्हणत नाही, प्रवास लांबचा आहे. मला बोलावलेस तर मी येईन. नाहीतर दोन ओळी लिही. मरण्याआधी तुझा शब्द ऐकायचा आहे, एवढीच इच्छा उरली आहे.

दादा


१५ ऑक्टोबर

धाकट्या, आणि टिटवी,

टिटवी, तुझे कार्ड काल मिळाले. टपालवाल्याने ते फाटकावर न ठेवता आत येऊन हातात दिले. पहिल्यांदा वाटले, अक्षर अनोळखी आहे. मग सातवीतला तो उजवीकडे कललेला 'ळ' ओळखू आला.

तू लिहितेस की तुझ्या बाबांना दोन वर्षे समोरचे दिसत नाही, कडेचे तेवढे दिसते. कारखान्यात जन्मभर दातेरी चाके कापली, केसाएवढा फरक नजरेने सांगायचे, आणि आता पत्राची ओळ दिसत नाही. म्हणून माझी पत्रे तूच मोठ्याने वाचून दाखवतेस. तिन्ही वाचलीस. पहिली दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. तिसरे वाचताना 'मला हे आज कळले' या वाक्याशी त्यांनी तुला थांबवले, ते वाक्य पुन्हा वाचायला लावले आणि उठून दुसऱ्या खोलीत गेले. 'काका, असं का केलं त्यांनी?' असे तू विचारतेस.

मी कार्ड तुझ्या काकूला दाखवले. तिसरे पत्रही तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "छान लिहिलंय. यात तुमची चूक कुठेच नाही." मग उठताना म्हणाली, "तुम्ही असं छान लिहिता तेव्हाच मला भीती वाटते."

आता जे लिहितो ते तुझ्या तोंडून तुझ्या बाबांच्या कानी जायचे आहे, याची मला फार लाज वाटते. माझ्या त्या ओळीसुद्धा तुझ्याच तोंडून त्यांच्या कानी गेल्या होत्या. पण वाचताना काही गाळू नकोस. ना मला वाईट वाटेल म्हणून, ना त्यांना वाटेल म्हणून.

धाकट्या, दुसऱ्या पत्रात मी खोटे लिहिले. तू गेल्यावर ते उदाहरण मी कायमचे बंद केले नाही. एक वर्ष केले. पुढच्या वर्षी वेलावर एक मोठा झालेला, पंखांचा किडा मिळाला. तो शाळेत नेऊन भिंगाखाली पाहिला. पाय गुळगुळीत होते. मला इतके बरे वाटले की सांगता येत नाही. मनाशी म्हणालो, झाले, पुरावा मिळाला, धाकट्याचा भासच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यावर लिहिले. निवृत्त होईपर्यंत लिहिले. निरोप समारंभात एका जुन्या विद्यार्थ्याने माझी आठवण म्हणून त्याच ओळी म्हटल्या, आणि मी उभा राहून हात जोडले.

तो पुरावा मला का लागला, हे आता सांगतो.

तू ज्या दिवशी म्हणालास "चला, दाखवतो", त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी शिपाईमामांकडून प्रयोगशाळेची किल्ली घेतली. म्हटले, वह्या विसरल्या आहेत. पश्चिमेच्या खिडकीतून उजेड येत होता. तू सूक्ष्मदर्शकाचा आरसा उजेडाच्या बाजूला वळवून ठेवला होतास, वरून आपला रुमाल घातला होतास धूळ बसू नये म्हणून. मी रुमाल काढला आणि डोळा लावला.

मला दिसले. परवा त्या बाईंच्या टेबलाशी जे दिसले, तेच. परवा मला काहीही कळले नाही, धाकट्या. परवा फक्त आठवले.

त्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक वर्गाबाहेरून जाताना थांबले होते. मुले हसत होती ते त्यांनी पाहिले आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले, "भाषा अशी शिकवावी." माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षे दिले. पण ते पुरते खरे नाही. नोकरी गेली नसती. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणायचे होते एवढेच, की काल मी चुकलो, हा मुलगा खरे बोलत होता. मुले आणखीच खूश झाली असती. पण त्या हसण्याची चव माझ्या जिभेवर होती आणि ती बारा वर्षांच्या पोरासाठी थुंकून टाकणे मला जमले नाही.

मी काचपट्टी काढली. नळाखाली धरली. माझ्या धोतराच्या सोग्याला पुसली आणि कपाटात इतर काचांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. तुझा रुमाल घडी करून होता तसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तू तीन मुलांना घेऊन प्रयोगशाळेत गेलास. मी वर्गाच्या दारातून पाहिले. परत आलात तेव्हा ती तिघे पुढे होती, आणि तू मागे.

टिटवी, तू त्या संध्याकाळी विचारले होतेस, असा कोण वेडा असेल. तुझे बाबा वेडे नव्हते. खोटेही नव्हते. खोटा जो होता तो तुझ्या शेजारी बसून जेवत होता.

अज्ञान पदरात घे असे मी मागच्या पत्रात लिहिले. ते मागे घेतो. अज्ञान नव्हतेच, तर तू पदरात काय घेणार?

दादा


२ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझे शब्द आले. अक्षर टिटवीचे, पण शब्द तुझे. 'बाबा सांगतात तसंच्या तसं लिहिते' असे तिने वर लिहिले आहे, आणि ते खरे असणार, कारण त्यात एकही शब्द जास्तीचा नाही.

"दादा, शिपाईमामांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तू किल्ली नेलीस ते, आणि काच धुतलीस तेही. नळ सोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. आईला कळू नये म्हणून मी बोललो नाही. पोरीच्या तोंडून ऐकलं तेव्हा राहवलं नाही. आता एवढंच सांग. दाते किती होते?"

हे पत्र तुझ्या वहिनीने वाचले आणि माझ्याकडे न पाहता कागद टेबलावर ठेवला. मी सकाळपासून त्याच्यासमोर बसलो आहे.

तुला ठाऊक होते. सत्तावीस वर्षे तू त्या घरात माझ्या समोर बसून जेवलास, माझ्या चपला दुरुस्त करून आणल्यास, माझ्या कवितांच्या वह्यांना पुठ्ठे चढवलेस, आणि तुला ठाऊक होते. मी तुझ्यापासून लपवतो आहे असे समजत होतो, आणि तू आईपासून मला लपवत होतास. आईने जाताना माझा हात धरून म्हटले होते, "धाकट्याला सांभाळ, तू समजूतदार आहेस." तू पलंगाच्या पायथ्याशी उभा होतास. तेव्हाही बोलला नाहीस.

तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू तो का विचारलास, ते कळायला मला सकाळचे दोन तास लागले. ज्याने आयुष्यभर चाके कापली त्याला दुसरे काय विचारायचे असणार, असे आधी वाटले. मग कळले. डोळा लावून कुणी नीट पाहिले असेल तर तो मोजणारच. तुझे सगळे बालपण मी पुसून टाकले, ते निदान एकदा नीट पाहून तरी पुसले का, एवढे तुला हवे आहे.

त्या कार्यालयातल्या बाईंनी मला आकडा सांगितला होता. साधारण इतक्यापासून इतके असतात म्हणून. तो मला पाठ आहे. तो इथे लिहिला असता तर तू कदाचित मान डोलावली असतीस, आणि माझे शेवटचे दिवस सोपे गेले असते. लेखणी त्या आकड्यावर नेली होती, हेही सांगतो.

मोजले नाहीत, धाकट्या. दाते आहेत एवढे दिसले आणि मी डोळा काढून घेतला. पुन्हा लावला नाही. भीती वाटली की मोजले तर ते खरे होतील.

तू मोजले होतेस. तुझ्या निबंधात आकडा होता, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा. तो मी लाल शाईने खोडला होता, शेजारी 'कल्पनाविलास' असे लिहिले होते, आणि आज मला शेरा आठवतो, आकडा आठवत नाही.

म्हणून तूच सांग. टिटवीला सांग, ती लिहील. किंवा फोन कर. नंबर कागदाच्या मागे लिहिला आहे, आणि मी टेबलापाशीच असतो. आधी डाव्या बाजूचे सांग, मग उजव्या. जरा सावकाश सांग. मी वहीचे कोरे पान काढून बसलो आहे. तू सांगत जा, मी लिहून घेतो.

दादा